अक्षर आधी की शब्द? : आपल्या पहिलीच्या शब्दपट्ट्यांचा इतिहास



स्मरणिकेसाठी लेख पाठवा, असा संपादक मंडळाचा निरोप आला तोवर सहल, स्नेहसंमेलन, दहावीचे जादा तास हे सगळे विषय वाटून झाले होते. म्हणून मी सगळ्यांच्या मागे जाते, थेट पहिलीच्या वर्गात. आपण १९९६ च्या दहावीचे, म्हणजे १९८६ च्या जूनमधले पहिलीचे. तेव्हा आपले गाव अकोला जिल्ह्यात होते. वाशीम जिल्हा झाला १ जुलै १९९८ रोजी. खरे तर तो पुन्हा झाला, कारण इंग्रजी अमदानीत १९०५ पर्यंत बाशीम हा वऱ्हाडातला वेगळा जिल्हा होताच. आपल्या दाखल्यांवर मात्र कायमचे 'जि. अकोला' राहिले.

पहिलीच्या त्या वर्षात एक मोठी गोष्ट घडली. आपण वाचायला लागलो. पोहायला कोणाच्या विहिरीत शिकलो, सायकल कुठल्या धुऱ्यावर आपटली, हे सगळ्यांना आठवते. वाचता कोणत्या दिवशी आले, हे कुणालाच सांगता येत नाही. ग्रुपवर विचारून पाहिले तर बहुतेकांचे उत्तर एकच आले : बाईंच्या पट्ट्या आठवतात. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर जाड शाईने लिहिलेले शब्द, आणि ते ठेवायची मिठाईची खोकी.

मी सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहे. गेली काही वर्षे संगणकावर मराठी मजकूर शोधण्याचे काम माझ्याकडे असते. शब्द म्हणजे काय आणि तो कुठे सुटतो, या प्रश्नाशी रोज गाठ पडते. त्या निमित्ताने मुलांना वाचायला कसे शिकवत आले, हे थोडे वाचले. बाईंच्या त्या पट्ट्यांमागे दोनशे वर्षांचा वाद आहे, हे तेव्हा कळले. वाद असा : लेकराला आधी अक्षर द्यायचे की आधी शब्द?

धूळपाटी आणि ओनामासी

जुन्या पंतोजींच्या शाळेत हा वाद नव्हता. तिथे अक्षरच आधी होते. सुरुवात व्हायची 'ओनामासीधं' या घोषाने. हे मूळ 'ॐ नमः सिद्धम्'. लेकरांच्या तोंडी ते घासत घासत 'ओनामासी' झाले आणि पुढे कुठल्याही कामाच्या आरंभाला मराठीत 'ओनामा' म्हणू लागले. जैन परंपरेतही सिद्धांना नमन करून अक्षरे सुरू करण्याची रीत होती. त्या परंपरेच्या हस्तलिखित पोथ्यांचा मोठा ठेवा आपल्याच जिल्ह्यात, कारंजा लाडच्या ग्रंथभांडारांत आहे. रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांत-वऱ्हाडातल्या हस्तलिखितांची सूची १९२६ साली छापली, तेव्हा कारंज्याच्या पोथ्या त्यात नोंदल्या गेल्या. आपल्या भागाला लिहिण्या-वाचण्याचे वावडे कधीच नव्हते. ज्या वत्सगुल्मातून वाकाटकांनी ताम्रपट काढले, ते आजचे वाशीमच. प्रश्न एवढाच होता की वाचणे कोणाच्या वाट्याला येते.

पंतोजी लाकडी पाटीवर धूळ पसरायचे आणि मुलगा तीत काडीने अक्षर काढायचा. म्हणून ती धूळपाटी आणि ती धुळाक्षरे. मुळाक्षरे, मग बाराखडी, मग जोडाक्षरे, आणि सोबत पाढे : पावकी, निमकी, पाऊणकी, सवाई. ज्याला आपण शब्द म्हणू, असे काही वाचायला मिळायचे ते फार उशिरा. त्यातही घरच्या हिशेबाला आणि पत्रव्यवहाराला मोडी लागायची. आपण जिला देवनागरी म्हणतो, तिला मराठीत 'बालबोध' म्हणत.

मुंबईत १८२२ साली शाळा आणि शालेय पुस्तके यांसाठी मंडळी स्थापन झाली आणि पुढे मुलांच्या हाती छापील पुस्तके येऊ लागली. पाटी बदलली तरी क्रम फारसा बदलला नाही : आधी अक्षरे, मग शब्द. एक शहाणी सोय मात्र रूढ झाली. अक्षरे क-ख-ग अशी न घेता वळणाने जवळची अक्षरे एकत्र घ्यायची. ग, म, भ, न यांची वळणे एकमेकांच्या शेजारची. हाताला सोपे जाते. 'गमभन गिरवणे' हा आपला शब्दप्रयोग त्यातूनच रुळला.

इंग्रजीची अडचण आणि तिचे औषध

शब्द आधी द्यावा, हा विचार जोरात आला तो इंग्रजीच्या शाळांतून. त्याला कारण होते. इंग्रजीत लिहिलेले आणि बोललेले यांचा मेळ नसतो. 'सेड', 'वॉज', 'वन', 'द' हे शब्द अक्षरे जोडून वाचायला गेले तर भलतेच काही तोंडातून येते. जर्मनीत लाइपझिगच्या प्रयोगशाळेत जेम्स कॅटेल या अमेरिकी संशोधकाने १८८५-८६ च्या सुमारास प्रयोग करून दाखवले की सराईत वाचकाला अख्खा शब्द ओळखायला एका अक्षराइतकाच वेळ पुरतो. यावरून अनेकांनी असा अर्थ काढला की मग मुलालाही अख्खा शब्दच द्यावा.

इलिनॉय विद्यापीठातले एडवर्ड डॉल्च यांनी १९३६ साली मुलांच्या पुस्तकांत सारखे येणाऱ्या २२० शब्दांची यादी छापली. तिच्यात नाम एकही नाही. नामांचे चित्र काढता येते. 'आणि', 'होता', 'कुठे' याचे चित्र कसे काढणार? तेव्हा असे शब्द पट्टीवर लिहून, पुन्हा पुन्हा दाखवून, नजरेत बसवायचे. आज आपल्या मुला-भाच्यांच्या इंग्रजी शाळेतून 'साइट वर्ड्‌स'च्या ज्या रंगीत पत्त्यांच्या गड्ड्या घरी येतात, त्यांचे मूळ या यादीत आहे.

तिथेही भांडण झालेच. रुडॉल्फ फ्लेश यांचे १९५५ चे गाजलेले पुस्तक याच तक्रारीचे होते, की शब्द पाठ करून मूल वाचक होत नाही, त्याला अक्षर-ध्वनीची जोड शिकवली पाहिजे. अमेरिकी सरकारने नेमलेल्या वाचनविषयक मंडळाने २००० साली साधारण त्याच बाजूने कौल दिला : अक्षर-ध्वनी पद्धतशीर शिकवा, सोबत शब्दसंग्रह आणि समज वाढवा.

मला यात सर्वांत जवळची वाटली ती न्यूझीलंडची शिक्षिका सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर. ती माओरी मुलांना शिकवायची. सरकारी पुस्तकातले शब्द बाजूला ठेवून ती रोज प्रत्येक मुलाला विचारायची, तुला आज कोणता शब्द पाहिजे? मूल सांगेल तो शब्द, मग तो भीतीचा असो की मायेचा, ती पट्टीवर लिहून त्याच्या हातात द्यायची. दुसऱ्या दिवशी मुलाला तो ओळखता आला नाही तर पट्टी फेकून द्यायची, कारण तो शब्द त्याचा नव्हताच. तिचे पुस्तक १९६३ साली आले. आपल्या बाईंनी ते वाचले असण्याचे कारण नाही. पण आपल्या वर्गात काही तसेच चालले होते.

भावनगर ते कोसबाड

आपल्याकडे मुलाकडून सुरुवात करण्याचा विचार रुजवला तो गिजुभाई बधेका, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी. गिजुभाईंचे बालमंदिर भावनगरला १९२० साली सुरू झाले. ताराबाई लग्नानंतर काही वर्षे आपल्या अमरावतीला राहिलेल्या. पुढे त्या भावनगरला गिजुभाईंसोबत कामाला लागल्या आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. त्यांच्यावर माँटेसरीबाईंचा प्रभाव होता. खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवणे, ऐकलेल्या ध्वनीला आकार देणे, ही ती पद्धत.

माँटेसरीची साधने महाग, आणि आपली मुले गरीब. म्हणून १९४५ साली ताराबाई बोर्डीला गेल्या. अनुताईही तिथे आल्या. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारली मुले शाळेत येईनात तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात आणि गुरांमागे कुरणात नेली. बिया, शिंपले, पाने हीच साधने झाली. 'अंगणवाडी' हा शब्द त्याच कामातून आला आणि १९७५ साली सरकारी योजना सुरू झाली तेव्हा तो देशभर पोचला. कोसबाडचा धडा असा की मूल घरून जी भाषा आणि ज्या वस्तू घेऊन येते, तिथूनच शिकवणे सुरू व्हायला हवे. लेखन-वाचन त्यानंतर येते.

पुण्याला २७ जानेवारी १९६७ रोजी पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजे आपली 'बालभारती', स्थापन झाली आणि काही वर्षांत राज्यभर एकच पुस्तक आले. पहिलीच्या त्या पुस्तकाने मधला रस्ता धरला. चित्र, चित्राखाली शब्द, आणि त्या शब्दातून अक्षर सुटे करायचे. सुरुवातीला काना-मात्रा नसलेले दोन-तीन अक्षरी शब्द आणि त्यांचीच छोटी वाक्ये. आपल्या दप्तरात होते ते हे पुस्तक.

आपला पहिलीचा वर्ग

पुस्तक राज्यभर एक असले तरी लेकरे एक नसतात. आपल्या वर्गात गावातली मुले होती, वस्तीवरची होती आणि तांड्यावरची होती. गावातल्या मुलांच्या तोंडी वऱ्हाडी. आपण 'पाणी' म्हणत नव्हतो, 'पानी' म्हणायचो. 'ळ' तर आपल्या जिभेवर नव्हताच : डोळ्याला डोया, फळ्याला फया, आणि शाळेला शाया. तांड्यावरच्या मुलांची घरची बोली गोरमाटी. पोहरादेवी आपल्या मानोरा तालुक्यात. बंजारा समाजाची ती काशी, आणि आपल्या जिल्ह्याला तांडे नवे नाहीत. त्या मुलांना आई म्हणजे 'याडी' आणि भाकर म्हणजे 'बाटी'. पुस्तकातला शब्द त्यांच्या कानाला पाहुणाच होता.

हा लेख लिहिताना बाईंना फोन केला. बाई आता निवृत्त आहेत, आवाज तोच आहे. "तू अजून पट्ट्याच घेऊन बसली का गं?" म्हणाल्या आणि मग तासभर बोलल्या. त्यांनी सांगितलेली रीत जशी कळली तशी लिहिते, कारण ती कुठे छापलेली नाही.

पहिले पंधरा दिवस त्या फळ्यावर काहीच लिहीत नसत. फक्त बोलायच्या आणि आपल्याला बोलते करायच्या. मुले काय काय शब्द वापरतात ते वहीच्या मागच्या पानावर टिपून ठेवायच्या. मग त्यातले पाच-सहा शब्द पट्टीवर यायचे. वर्गातल्या वस्तूंनाही नावे चिकटायची : दार, खिडकी, माठ, फळा. सकाळी आल्यावर प्रत्येकाने आपली पट्टी शोधून आपल्या जागेवर न्यायची.

'शाळा' या पट्टीवर बोट ठेवून आपल्यापैकी कुणी 'शाया' म्हटले की बाई म्हणायच्या, बरोबर. चूक म्हणायच्या नाहीत. महिनाभराने 'शाळा', 'फळा', 'माळ' या तीन पट्ट्या शेजारी ठेवून विचारायच्या, यात सारखे काय दिसते? मूल 'ळ'वर बोट ठेवायचे. मग त्या तो आवाज काढून दाखवायच्या, जीभ कुठे लावायची तेही. अर्थ आधी कळला होता, ओळख आधी झाली होती. नवा होता तो फक्त एक आवाज, तो ओळखीच्या घरात आला.

मला वाटते, शब्दपट्टीचे आपल्या भागातले खरे मोल इथे आहे. अक्षरापासून सुरुवात केली तर वऱ्हाडी बोलणारे लेकरू पहिल्याच दिवशी चुकते, कारण त्याच्या जिभेवर ते अक्षर नसते. शब्दापासून सुरुवात केली तर ते पहिल्या दिवशी बरोबर असते. सहा वर्षांच्या लेकराने शाळेत पहिल्या दिवशी बरोबर असणे ही लहान गोष्ट नाही.

तांड्यावरच्या मुलींसाठी 'आई'च्या पट्टीशेजारी 'याडी' अशी दुसरी पट्टी होती. ती लिहिण्याआधी बाईंनी एका मुलीच्या आईला बाजारात गाठून शब्द नीट विचारून घेतला होता. देवनागरीत दोन्ही लिहिता येतात. कुणाचाच शब्द अक्षराबाहेर राहत नाही.

ओळखणे आणि वाचणे

पण बाईंनी एक गोष्ट ठासून सांगितली, आणि तीही लिहायला हवी. "लेकरू पट्टी ओळखते तेव्हा आपल्याला वाटते, आलं वाचता. अवं, ते कोपरा फाटलेली पट्टी ओळखत असते! कुणाला सोनेरी काठ लक्षात राहते, कुणाला शाईचा डाग." म्हणून तोच शब्द त्या दुसऱ्या पत्रिकेवर पुन्हा लिहायच्या, मग फळ्यावर, मग जमिनीवर खडूने. तिन्ही ठिकाणी ओळखला तर शब्द ओळखला. मग पट्टी कात्रीने कापायची. 'घर'चे घ आणि र वेगळे, 'नळ'चे न आणि ळ वेगळे. सुट्या अक्षरांतून मुलाने पट्टीवर कधी न पाहिलेला शब्द जुळवून वाचला, तर त्या दिवशी ते मूल वाचायला लागले असे त्या धरायच्या. आपल्याला न आठवणारा तो दिवस बाईंच्या वहीत बहुधा तारखेसह होता.

हे कापणे राहून गेले तर काय होते, त्याचे उदाहरण आपल्यातच आहे. आपला एक वर्गमित्र ग्रुपवर लिहीत नाही, आवाजी निरोप पाठवतो. त्याला विचारून हे लिहिते आहे. "लिव्ह, पण नाव टाकू नको," म्हणाला. दर वर्षी दिवाळीनंतर त्याचे आईबाप ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात जायचे आणि त्याला सोबत न्यायचे. होळीच्या पुढेमागे परत. म्हणजे जून ते दिवाळी या काळातल्या पट्ट्या त्याला मिळाल्या. दिवाळीनंतरची कात्री मिळाली नाही. पुढे चौथीत शाळा सुटली ती सुटलीच.

त्याला आजही काही शब्द दिसताक्षणी कळतात : आई, घर, पाणी. एसटीच्या पाट्या त्याने स्वतःच्या हिमतीवर नजरेत बसवल्या : वाशीम, पुसद, मानोरा, कारंजा. रंगवलेल्या पाटीवरचा आकारच त्याला पाठ. पुढे काही गाड्यांवर लाल ठिपक्यांची विजेची पाटी आली, अक्षरांचे वळण बदलले, आणि त्याला पुन्हा शेजाऱ्याला विचारावे लागले. या मेळाव्याचा मांडव, खुर्च्या, जेवणाचा सगळा हिशेब त्याच्या डोक्यात आहे आणि एक रुपया इकडचा तिकडे होत नाही. बुद्धीत काही कमी नाही. चार महिन्यांचे शिकवणे कमी पडले.

आपल्या ग्रुपमध्ये दहावीला पोचलेले आहेत. पहिलीच्या हजेरीपटावरची कितीतरी नावे त्यात नाहीत. ती पुढे कुठे गळली याची कारणे वेगवेगळी आहेत, पण वाचता न आलेले मूल वर्गात मागे मागे सरकते आणि एक दिवस दाराबाहेर असते, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे.

मराठीला यादी का पुरत नाही

मराठीसाठीही अशी दोन-तीनशे शब्दांची यादी करून मुलांना पाठ करवावी, असे हल्ली काही पालक म्हणतात. माझ्या कामाच्या अनुभवावरून सांगते, नुसत्या यादीने भागणार नाही. मराठी मजकुरातले शब्द संगणकाने मोजले तर वर 'आहे', 'आणि', 'नाही', 'हा', 'तो', 'मी', 'पण' असे नेहमीचेच शब्द येतात. ते नजरेत बसवायला हरकत नाही, वाचनाला वेग येतो. पण त्यांच्या खाली गेले की आपली भाषा निसटते. 'घर' या शब्दाचे घरात, घरी, घराला, घरातून, घरापाशी असे कितीतरी अवतार होतात. 'पाऊस'चे पावसात होते, 'माणूस'चे माणसाला. मूळ शब्दच आतून बदलतो. संगणकाला हे शिकवताना आमचा घाम निघतो. लेकराने किती पट्ट्या पाठ करायच्या? अक्षर हाती आले तरच हे सगळे अवतार वाचता येतात.

इंग्रजीची जी अडचण, तीही आपल्याला तेवढी नाही. आपण बहुतेक लिहितो तसे बोलतो. अपवाद आहेत. 'चार' आणि 'चारा' यांतला च वेगळा. 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जगणे, लिहायला एकच, बोलायला दोन. पण असे थोडे. आपली अडचण दुसरी आहे, ती संख्येची. इंग्रजीला २६ अक्षरे पुरतात. आपल्याकडे ३४ व्यंजने आणि बाराखडी धरली तरी चारशेवर आकार होतात, जोडाक्षरे वेगळीच. कन्नड शाळांतल्या मुलांचा अभ्यास करून सोनाली नाग यांनी २००७ साली दाखवले की आपल्या लिपींतली अक्षरे पूर्ण हाती यायला मुलांना चौथी-पाचवी उजाडते. म्हणजे पहिलीत बाराखडी आली नाही म्हणून मूल 'ढ' ठरत नाही. त्याला आणखी दोन-तीन वर्षे धीराने शिकवणारे कोणी हवे असते.

कर्नाटकातले यादगीर आणि आपल्या राज्यातला वाडा तालुका इथे २०११ ते २०१६ या काळात अशाच मुलांचा सलग अभ्यास झाला. त्यातही हेच दिसले की वर्गाचा बराच वेळ अक्षरे उतरवून काढण्यात जातो, अर्थाकडे जायला वेळ उरत नाही आणि तिसरीतल्या कित्येक मुलांना साधा परिच्छेद वाचता येत नाही. उलट बाजूने चांगली कामेही झाली. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी थोडी अक्षरे शिकवून लगेच त्यांचे शब्द आणि वाक्ये करून घ्यायची पद्धत वर्षानुवर्षे घडवली. वाडा तालुक्यातल्या सोनाळ्याची 'क्वेस्ट' ही संस्था २००७ पासून याच वाटेवर आहे. 'प्रथम'च्या 'असर' पाहणीत २००५ पासून खेड्यापाड्यांत मुलांच्या घरी जाऊन अक्षर, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट अशा चार पायऱ्यांवर वाचन तपासतात. आणि २०२१ च्या 'निपुण भारत' योजनेने तिसरीपर्यंत प्रत्येक मूल समजून वाचेल असे ध्येय ठेवले आहे.

तेव्हा अक्षर आधी की शब्द, या भांडणाचा माझ्यापुरता निकाल असा : शब्द आधी, पण तो लेकराच्या तोंडचा. मग त्याच शब्दातून अक्षर, आणि अक्षर हाती येईपर्यंत हात सोडायचा नाही. बाईंनी १९८६ साली हेच केले. पुढच्याच वर्षी, १९८७ ला, सरकारची खडू-फळा मोहीम आली. आपल्या बाईंची मोहीम पत्रिका आणि कात्रीवर त्याआधीच चालू होती.

एक विनंती

मेळाव्याचा खर्च भागून जी रक्कम उरेल तिचे काय करायचे, यावर ग्रुपवर चर्चा चालू आहे. कमान, घड्याळ, पाण्याची टाकी अशा सूचना आल्या आहेत. सगळ्या चांगल्या आहेत. माझी एक सूचना जोडते. शाळेत आजही पहिली ते तिसरीचे वर्ग आहेत. तांड्यावरची मुले आहेत, ऊसतोडीला जाणारीही आहेत. त्यांच्यासाठी पट्ट्यांचा एक पूर्ण संच करू या. शब्द मुलांकडूनच गोळा करायचे, वऱ्हाडी आणि गोरमाटी दोन्ही, आणि शेजारी पुस्तकातला शब्द. प्रत्येक शब्दाच्या दोन पट्ट्या : एक अख्खी ठेवायला, एक कापायला. दिवाळीनंतर जे मूल गाव सोडून जाईल त्याच्या पिशवीत एक छोटा संच द्यायचा. तो वापरायचा कसा, हे त्याच्या आईबापाला आणि तिकडे सोबत असलेल्या थोरल्या भावा-बहिणीला पंधरा मिनिटांत दाखवता येते. याला पैसा फार लागत नाही. आपल्या सगळ्यांच्या घरी लग्नपत्रिका आहेत. लागतील ती माणसे, आठवड्यातून एक तास शाळेत जाऊन बसणारी. गावात आणि वाशीमला राहणाऱ्यांनी नावे कळवावीत. आम्ही पुण्या-मुंबईचे लोक सुट्टीत येऊ तेव्हा बसू.

आवाजी निरोप पाठवणाऱ्या आपल्या मित्राने, हा लेख त्याला फोनवर वाचून दाखवला तेव्हा, आपले नाव सर्वांत आधी दिले आहे. पट्ट्या कापायचे काम माझे, म्हणाला. आणि कापता कापता मीही बघतो.

बाई, पहिल्या संचावरचे शब्द तुमच्याच हस्ताक्षरात हवेत. शाई आणि पत्रिका घेऊन आम्ही मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्या घरी येतो आहोत.